परीक्षा चालू असताना खोकला

लॅपटॉपच्या कपाळावर कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला, आणि माझ्याच घरात मला यायची बंदी झाली. नातीची नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा होती, घरबसल्या. खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा आवाज आला, की ते यंत्र इशारा देतं. तीन इशारे झाले की पेपर बंद.

"आबा, काल सरावाच्या पेपरला तुमच्या खोकल्यानं दोन आले. आज बाहेर बसा ना."

"घर कुणी बांधलंय?"

"तुम्हीच. आता दार पण तुम्हीच लावा."

बसलो पायरीवर. खिडकीतून तिची वाकलेली मान दिसत होती आणि तो दिवा. आमचे मास्तर छडी घेऊन फिरायचे, पण कुणाचा खोकला खरा आणि कुणाचा खुणेचा, हे त्यांना पाठमोरं कळायचं. हा दिवा पापणी लववत नाही, आणि ओळखत कुणालाच नाही. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. मी तिला काय सांगणार? तरी मनात आलं, की या म्हाताऱ्याला उत्तरं येत असतील असा संशय माझ्यावर आजवर कुणी घेतला नव्हता. जरा ताठ बसलो.

तेवढ्यात घशात खवखवलं. तोंडात पंचा कोंबून उठलो आणि अनवाणीच पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो. तिथं पोटभर खोकलो. मग परत फिरवेना. वाटेत पुन्हा आला तर? पेपर सुटेपर्यंत उन्हात तिथंच उभा राहिलो.