गेटवर न थांबणारी गाडी

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले कितीतरी आता विसरलो. पण वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात ठाणेदार असताना आलेली एक साधी गोदामातली चोरी काही केल्या विसरता येत नाही. नाव कुणाचंच घेणार नाही. शेठ अजून धंद्यात आहेत, त्यांच्या मुलीचा संसारही चालू आहे.

धोंड्याचा महिना होता, म्हणजे अधिक महिना. कपाशीवर फवारणीचे दिवस. शेठ कीटकनाशकांचे ठोक विक्रेते. पुढे बंगला, मागे गोदाम, दोन्ही एकाच कंपाउंडात आणि रस्त्यावर एकच गेट. गोदामातल्या सगळ्यात महागड्या औषधाचे खोके थोडेथोडे कमी होत होते. खोका बुटाच्या डब्याएवढा, पण किंमत अशी की ऐकून माझा हवालदार खुर्चीतच सरळ बसला.

एका दुपारी शेठ ठाण्यात आले ते आपल्या चौकीदाराला घेऊनच. दोन हमालांनी त्याचे दंड धरलेले, मागून शेठ, आणि अशी ही मिरवणूक भर बाजारातून चालवत आणलेली.

"हा घ्या तुमचा चोर, ठाणेदार साहेब. दोन दिवस आत ठेवा, दोन पट्टे हाणा, पोपटासारखा बोलतो की नाही बघा."

"चोरताना कोणी पाहिलं?"

"पाहायचं काय त्यात? गेट याच्या ताब्यात. सगळीकडे कॅमेरे लावलेत मी. याच्याशिवाय माल जाईल कुठून?"

म्हणजे पुरावा काय, तर माणूस गरीब आणि समोर उभा! मी फिर्याद लिहून घेतली आणि गुन्हा अनोळखी आरोपीवर नोंदवला. शेठ माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मीच त्या चौकीदाराचा भागीदार आहे.

चौकीदार गिरडकडच्या गोंड कुटुंबातला, चाळिशी उलटलेला, अंगानं काटक. त्याला चौकशीला बसवलं. चहा दिला तर कप हातात धरून बसला.

"खोके कोणी नेले?"

"मले नाई मालूम साहेब."

"गेटवर तूच असतो ना?"

"असतो."

"मग?"

यापुढे तोंड बंद. खाली मान घालून बसला. माणूस खोटं बोलायला लागला की जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा तर बोलतच नव्हता.

तेवढ्यात त्याची बायको ठाण्याच्या आवारात आली. डोक्यावर गाठोडं, हातात दोन पातेली. गेटजवळच्या खोलीत हे दोघं राहत. शेठनं सामान रस्त्यावर फेकून खोलीला कुलूप घातलं होतं. तपास सुरू व्हायच्या आत शिक्षासुद्धा देऊन मोकळे! ती नवऱ्याशी गोंडीत दोन शब्द बोलली, तर माझा एक शिपाई धावत आला. "साहेब, काहीतरी ठरवून राह्यले हे. कळू नये म्हणून वेगळ्या भाषेत बोलून राह्यले."

"अरे बाबा, ती त्यांची भाषा आहे," मी म्हणालो. "तुझी बायको तुझ्याशी काय इंग्रजीत बोलते?"

बाई माझ्याकडे वळली. "साहेब, माह्या माणसानं चोरी केली असंल तर त्याले फाशी द्या. पन नसंल केली तर हे चोराचं नाव कोन पुसनार जी? गावाकडं माही पोरगी लग्नाची हाये. काल सोयरिकीचं बोलनं झालं, आज बाप बाजारातून धरून आनला."

तिच्यापुढं खोक्यांचा हिशेब मला फालतू वाटला. दोघांना मी गावाकडं जाऊ दिलं, आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी तपास त्या माणसाच्या नावाचा होता.

दुसऱ्या दिवशी समुद्रपूरकडच्या एका कृषी केंद्रवाल्याचा फोन आला. जुनी ओळख. म्हणाला, "साहेब, तेच औषध एक जण बिनबिलाचं विकून राह्यला. मी घेतलं नाई, पन खोक्यावरचा बॅच नंबर टिपून ठेवला." नंबर शेठच्याच मालाचा निघाला.

"विकणारा कसा होता?"

"चांगला शिकलेला दिसे. शर्ट इन केलेला, पांढरी कार. एसी चालू ठेवूनच बोलत होता."

आमच्या चौकीदाराजवळ होती सायकल. तिचीही चेन दर चौकात पडायची.

मी शेठना म्हटलं, तुमच्या जागेची सुरक्षा एकदा मला नीट पाहू द्या. शेठ खुश. स्वतः हिंडून दाखवलं. भिंतीवर काचा, वर काटेरी तार. कॅमेरा कुठे, तर मजूर बाया खोके भरतात तिथे. दुसरा पाण्याच्या नळावर, कारण "बाया पाण्याच्या नावानं टाइमपास करतात." तिसरा चौकीदाराच्या खोलीच्या दारावर. आणि बंगल्याच्या मागच्या अंगणातून गोदामात उघडणारं एक लहान दार होतं, तिथे काहीच नाही.

"इथे कॅमेरा का नाही?"

"अहो, ही घरची बाजू. घरच्या माणसांवर कुठे कॅमेरा लावतात का?"

"आणि या दाराची किल्ली?"

"देवघरात. देवाजवळून कोण नेतो?"

मी मान डोलावून पुढे निघालो. पण एवढा खर्च करून या माणसानं चोर पकडायची नाही, मजूर पकडायची व्यवस्था केली होती! आपल्याकडचे निम्मे बंदोबस्त असेच असतात.

रविवारी मी साध्या कपड्यांत गेटच्या चौकीत जाऊन बसलो. कोणाला सांगू नका म्हटलं होतं, तरी शेठनं घरात सांगितलंच असणार. जुन्याच्या जागी एक नवा गार्ड उभा होता. हंगाम म्हणून रविवारीही काम सुरू होतं. दुपारी जेवायला बाया बाहेर निघाल्या, तर एकेकीची पिशवी उलटी करणं सुरू झालं. एका म्हातारीचा डबा उघडून गार्डानं भाकरसुद्धा उचलून पाहिली. तिनं डबा झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच गर्दीत हॉर्न वाजला. पांढरी कार. गार्डानं बायांना बाजूला सारलं, पळत जाऊन गेट सताड उघडलं आणि सलाम ठोकला. गाडी सरळ बंगल्याच्या मागे गेली.

"ही काऊन नाई तपासली रे?"

"जावईबापू हायेत साहेब. धोंड्याच्या जेवनाले आले. त्याहिची गाडी अडवाची नाई, असा हुकूम हाये. जुन्या चौकीदारानं एकदा डिक्की उघडाले लावली होती, तर शेठनं त्याले इथंच थापड हानली. अन् जावयाच्या पाया पडाले लावलं."

आता कळलं तो गप्प का होता. त्यानं बोलून पाहिलं होतं आणि त्याचं फळही खाल्लं होतं. जावयाचा मान ठेवावा, मीही ठेवतो. माझ्या जावयाला पाटावर बसवून वाढतो. पण मानाला डिक्की कशाला लागते?

दोन पंच आणि हवालदाराला बाहेर रस्त्यावर उभं केलं. जेवण आटोपून जावई निघाला. शेठ स्वतः गेटपर्यंत सोडायला आले. गार्डाचा पुन्हा सलाम. गाडी रस्त्यावर आली आणि मी हात आडवा केला.

"अहो साहेब, काय करता! आमचे जावई आहेत ते!" शेठ ओरडले.

"म्हणूनच थांबवतोय. डिक्की उघडा."

डिक्कीत वर अनारशांची टोपली, तिच्याशेजारी आहेराचे कपडे. टोपली उचलली. खाली खोके रचलेले होते, तेच औषध, तोच बॅच नंबर. पंचांसमोर पंचनामा केला. शेठ टोपलीकडेच पाहत राहिले.

ठाण्यात जावयाला मी एकच गोष्ट विचारली. पोलीस गेटवर बसलेत हे ठाऊक असून माल उचलायची हिंमत कशी झाली?

तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही त्या बायांसाठी बसला होता ना?" आणि पुढे ऐकवलं, "एकुलती एक मुलगी आहे त्यांची. उद्या सगळं माझंच होणार. मग थोडं आज घेतलं तर चोरी कशी?"

अंगाची लाहीलाही झाली. ज्याला वर्षभर सलाम ठोकला, त्यानं कुंपण होऊन शेत खाल्लं, आणि बदनाम झाला सलाम ठोकणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

संध्याकाळी शेठ आले. आवाज उतरलेला. "साहेब, घरचा मामला आहे. मिटवून टाका. तक्रार मागे घेतो."

"चौकीदाराच्या वेळी घरचा नव्हता का? तो तर तुमच्याच आवारात राहत होता. जे सांगायचं ते आता कोर्टात सांगा."

कागद मी कोर्टात पाठवले.

निवृत्तीनंतर कारखानदार, व्यापारी मला जागा पाहायला बोलावतात. भिंत किती उंच करू, कॅमेरे कोणते घेऊ, असं विचारतात. मी म्हणतो, ते नंतर. तुमच्या गेटवरून कोणाची गाडी न तपासता जाते, ते आधी सांगा. या प्रश्नावर पुष्कळांचा चेहरा पडतो, काही तर चक्क रागावतात. चोर भिंतीवरून कमी येतो. तुम्ही ज्याच्यासाठी गेट उघडं ठेवता तिथून जास्त येतो, हे मला त्या प्रकरणानं शिकवलं. गार्डाला मालकाची गाडी अडवायची मुभा नसेल, तर तो गार्ड नाही, नुसता दार उघडणारा आहे.

पण मला राग येतो तो जावई पकडल्यानंतरच्या गोष्टीचा. आरोपपत्र गेलं त्या सुमारास मी चौकीदार नवराबायकोला आणि शेठना ठाण्यात बोलावलं. माझ्या कॅबिनचं दार लोटून घेऊन शेठ म्हणाले, "झालं गेलं विसरून जा बाबा. चूक झाली. उद्यापासून ये कामावर, पगार वाढवून देतो."

चौकीदारानं बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "पगार राहू द्या शेठ. बाहेर या अन् हेच मोठ्यानं सांगा. मंग येतो."

मी उठून दार उघडलं. बाहेर बाकांवर आठवडी बाजाराचे लोक बसले होते, दोघे-तिघे शेठच्या ओळखीचेही. शेठ खुर्चीतून अर्धवट उठले, बाहेर पाहिलं आणि पुन्हा बसले.

"बाहेर लोक आहेत ना, साहेब," ते मला म्हणाले.

"तवाबी होते," चौकीदार म्हणाला, आणि बायकोला घेऊन त्या लोकांमधून निघून गेला.