गंगूचं कलम

विद्यापीठाच्या फाटकावर वॉचमनने मला अडवलं. कुणाला भेटायचंय, म्हणाला. मी म्हटलं, आंब्याला. म्हातारी सटकलीय असं त्याला वाटलं. वाटेना का! या आवारात मी सव्वीस वर्षं नर्स होते आणि तेव्हा हे वेड्यांचं इस्पितळ होतं. सटकलेली म्हटल्याचा मला कसला राग येणार? बायकांच्या वॉर्डात आता ग्रंथालय झालंय. गज काढून मोठाल्या काचा बसवल्यात. छान दिसतं, खोटं कशाला बोलू? पण आत पाऊल टाकलं की फिनेलचा वास येतो, तो फक्त मलाच येतो, आणि डोळे भरतात.

ग्रंथालयासमोर हापूसचं एक कलम आहे. मे महिन्यात ते लगडतं आणि मुलंमुली खुशाल पाडून खातात. आमच्या वेळी त्याला अकरा वर्षं आंबा धरला नाही. देवगडच्या मातीत हापूस धरत नाही म्हणजे काय, सांगा बघू! सगळे म्हणायचे, झाडच वांझ. खरं कारण दत्तारामला ठाऊक होतं आणि मला. आता दत्तारामही नाही आणि गंगूही नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही.

दत्ताराम इस्पितळाचा माळी. हाडकुळा, तोंडाने फटकळ, डॉक्टरांनाही न जुमानणारा. रोग्यांशी मात्र तो शेजाऱ्याशी बोलावं तसा बोलायचा. खड्डे खणायला, पाणी शिंपायला त्यांना बरोबर घ्यायचा आणि काम वाकडं झालं तर शहाण्याला घातल्या असत्या तशाच शिव्या घालायचा. त्या शिव्यांनी आमच्या औषधांइतकीच माणसं सुधारली, असं मी डॉक्टरांना तोंडावर सांगितलंय.

गंगू खाडीकाठच्या मासे विकणाऱ्या घरातली. तिच्या भावाने तिला आणून सोडलं आणि जाताना सांगितलं, आंब्याच्या दिवसांत न्यायला येतो. आंब्याचे दिवस आले, गेले. आम्ही पत्रं पाठवली, ती परत आली. भाऊ घर विकून कुठे गेला कुणालाच माहीत नव्हतं. गंगूने जेवण सोडलं. आठव्या दिवशी मी तिला नाकातून नळी घालायच्या तयारीला लागले. तेवढ्यात दत्ताराम हातात कलम घेऊन दारात आला. तिच्याकडून त्याने खड्डा खणून घेतला, कलम लावून घेतलं आणि म्हणाला, "भावान खंयचो आंबो सांगल्यान? ह्यो तुझो आंबो. ह्येका आंबो लागलो काय तो येतलो." गंगू त्या दुपारी पेज जेवली.

नव्या कलमाचा मोहोर पहिली तीन-चार वर्षं खुडतातच, झाडाला ताकद धरावी म्हणून. त्यामुळे सुरुवातीला काही अडलं नाही. पाचव्या वर्षी मोहोर आला तेव्हा दत्ताराम माझ्याकडे आला. सिस्टर, आता काय करू? आंबा धरला आणि भाऊ आला नाही, तर ही पुन्हा जेवायची नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उजाडता उजाडता, वॉर्ड उठायच्या आत, सगळा मोहोर खुडला. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्याही. माळ्याने स्वतःच्या हाताने मोहोर खुडायचा म्हणजे काय यातना, ते बागायतदारालाच कळेल. तो खुडलेला मोहोर धोतरात बांधून लांब टाकून यायचा.

अकराव्या वर्षी ऐन मोहोराच्या दिवसांत त्याला कावीळ झाली. दीड महिना अंथरुणाला खिळला. उठला तो काठी टेकत आधी झाडाकडे. झाडावर एक मोहोर नव्हता. गंगू बुंध्याशी बसली होती. मी जवळच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"औंदा तू नाय इलस, म्हणान मी खुडलंय."

दत्ताराम काठी बाजूला ठेवून तिच्याजवळ बसला. ती शांतपणे म्हणाली, "आंबो लागलो आसतो, तर भाव येवचो नाय ह्या तुका सांगूचा लागला आसता. तुझ्यान सांगवला नसता."

मी तोंड फिरवून वॉर्डात गेले आणि हमसून हमसून रडले. आम्ही तिला जपत होतो असं आम्हाला वाटत होतं ना!

पुढच्या वर्षी इस्पितळ बंद करायचा हुकूम निघाला. रोग्यांना दुसऱ्या जिल्ह्यात हलवायचं ठरलं. त्या वर्षी मोहोर कुणीच खुडला नाही, ना त्याने, ना तिने. मार्चमध्ये गाडी गंगूला घेऊन गेली तेव्हा कैऱ्या लिंबाएवढ्या होत्या. ती खिडकीतून झाडाकडेच बघत होती.

मे महिन्यात दत्तारामने गवतात घालून दोन डझन आंबे पिकवले. वैभववाडीला आम्ही दोघं रेल्वेत बसलो. पेटी त्याने मांडीवरून खाली ठेवली नाही. तिथल्या इस्पितळात क्लार्क म्हणाला, नातेवाईकांनाच भेटता येईल, तुम्ही तिचे कोण? एरवी जगाला शिव्या घालणारा माझा दत्ताराम पेटी छातीशी धरून नुसता उभा राहिला. माळी म्हणून सांगायची त्याला लाज वाटली की काय, देव जाणे.

आतल्या जाळीशी गंगू येऊन उभी होती. तिने आधी पेटी बघितली, मग त्याला.

"माझो भाव तो," तिने क्लार्कला सांगितलं. "आंबो लागलो, म्हणान न्हेवक इलो."