सौंदर्याची पहिली पायरी

माझ्या वजनाबद्दल अथेन्समध्ये लोक माझ्या पाठीमागे बोलतात. त्या संध्याकाळी ते स्वतःच बोललं. मेजवानीला पोहोचलो, मंचकावर अंग टाकलं आणि उशीखाली कट्‌कन आवाज झाला. उशी उचलली, तर एक चिमुकली लाकडी डबी. तिच्यात पावा वाजवायला आलेल्या प्लांगोनच्या जोडपाव्याच्या दोन जिव्हाळ्या, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या बोरूच्या पट्ट्या, होत्या. एक शाबूत, दुसरी पोळीसारखी चपटी.

"एक धड आहे की!" मी उगाच उशी झटकत म्हणालो.

"पाहुणे, तुमचा एक पाय मोडला तर उरलेल्यावर नाचाल का?" प्लांगोन म्हणाली.

जोडपाव्याच्या दोन्ही जिव्हाळ्या बोरूच्या एकाच पेरातून काढाव्या लागतात. वेगवेगळ्या पेरांतल्या बसवल्या, तर दोन नळ्या सासू-सुनेसारख्या बोलतात. आणि असला बोरू येतो दूर बिओतियाच्या तळ्यावरून.

प्लांगोन पिरेअस बंदरातल्या एका बाईची गुलाम. पोरवयापासून मेजवान्यांत वाजवत आलेली. गाल फार फुगू नयेत म्हणून वाजवताना तोंडावर चामड्याचा पट्टा बांधायची. त्याचे वळ आता कायमचे उमटलेले. सुंदर म्हणावी अशी नव्हेच. पण ती वाजवू लागली, की जमिनीच्या बांधावरून भांडणारे दोघे मध्येच थांबून एकमेकांना जैतून देत. माझा मित्र लुसानियास, तेलाचा व्यापारी, तर तिच्या सुरांवर जीव ओवाळून टाकायचा. तिला सोडवून घरी न्यायचं, हे त्याने मालकिणीशी बोलून पक्कं केलं होतं. त्या संध्याकाळी तिसऱ्या कुंभातलं मद्य देवाला वाहून झालं, की प्लांगोन त्याची आवडती सुरावट वाजवणार आणि तो ही बातमी सर्वांना सांगणार. मला ठाऊक होतं. तिलाही.

आता सुरावटच नाही म्हटल्यावर करायचं काय? यजमान म्हणाले, "तिमोक्रितोस, तुम्हीच बोला काहीतरी. प्रेमावर बोला."

तिमोक्रितोस तत्त्वज्ञ. अनवाणी हिंडायचे, पण तळवे लोण्यासारखे. खाकरून म्हणाले, "पावा बंद पडला ते बरंच झालं. जे वाजवताना तोंड विद्रूप होतं, ते संगीत सुंदर कसं? तारांचं वाद्य बघा. तोंड मोकळं राहतं, विचार बोलता येतो." मग त्यांनी प्रेमाचा जिना बांधायला घेतला. खालच्या पायरीवर एखादं माणूस आवडतं. तिथे रेंगाळायचं नाही. वर चढायचं. मग साऱ्या माणसांतलं सौंदर्य, मग मनाचं, मग ज्ञानाचं, आणि अगदी वर गेलं की नुसतं सौंदर्य. त्याला नाक नाही, डोळे नाहीत.

"म्हणजे गालही नसणार," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. लुसानियासचे डोळे भरून आले होते. प्लांगोन दाराशी, चेपलेली डबी मांडीत घेऊन, त्याच्याकडे बघत बसली होती. तिसऱ्या कुंभातलं मद्य वाहून झालं. लुसानियास उठला. थेट गेला आणि तिमोक्रितोसांचे हात हातात घेतले.

तेव्हापासून तो त्यांच्या बागेत शिकायला जातो. प्लांगोनच्या सुटकेसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून तारांची लायर आली, हस्तिदंताची नक्षी असलेली. ती तो रोज छेडतो. शेजारची कुत्री अजून खालच्याच पायरीवर असल्यामुळे भुंकतात.

मी बिओतियाच्या एका व्यापाऱ्याला गाठून जिव्हाळ्यांची नवी जोडी मागवली आणि पिरेअसला गेलो. पावा बंद म्हणून मालकिणीने प्लांगोनला उखळाशी बसवलं होतं. तिने हात पुसले, एक एक जिव्हाळी ओठांना लावून फुंकली.

"एकाच पेरातल्या आहेत," ती म्हणाली. "यांच्यावर तरी बसू नका." मग त्या बाजूला ठेवत, "लायर जमते का त्यांना?"

"छे!"

"बरं झालं."

एवढ्यावर उठायला हवं होतं. पण तिला जरा बरं वाटावं म्हणून माझी जीभ वळवळलीच. "लुसानियास तुझं नाव फार आदराने घेतो गं. म्हणतो, प्लांगोन नसती तर मी त्या जिन्यापाशी आलोच नसतो. सौंदर्याची पहिली पायरी म्हणजे तीच."

तिने उखळात आणखी मूठभर जव टाकले आणि मुसळ उचललं.

"मग मी अजून गुलाम का?"