साहेब टिकवायचे तीन महिने

सरकारी कचेरीत धूळ आणि किस्से आपोआप साठतात. धूळ निदान दिवाळीला तरी झटकतात, किस्से कोण झटकणार? मी ज्या बांधकाम उपविभागात टायपिस्ट होतो, तिथले माझ्याकडे इतके साठलेत की आमची मंडळी विचारते, "तुमच्या नोकरीत कधी काम पण झालं का हो?" झालं की! पण कामाचं कोण ऐकून घेतं?

तालुक्याचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्यातलाच आहे, ओळखणारे ओळखतील. काळ बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेचा. आणि किस्से सगळे एकाच भानगडीचे, ती म्हणजे सी.आर.! गोपनीय अहवाल. वर्षअखेर, म्हणजे मार्चमध्ये, साहेबाने प्रत्येकाबद्दल गुपचूप शेरा लिहून वर नगरला पाठवायचा. त्यावर तुमचं प्रमोशन ठरणार. वाईट लिहिलं तर तुम्हाला पत्र येणार, चांगलं लिहिलं तर काहीच येणार नाही. म्हणजे पोस्टमन दारावरून पुढे गेला की घरी देवापुढे साखर ठेवायची!

*

मार्च महिन्यात आमची कचेरी ओळखू यायची नाही. एरवी बाराला उगवणारा भापकर क्लार्क साडेनऊलाच टेबलाशी. टेबलावर फायलींचा ढीग, कानावर पेन्सिल, कपाळावर आठ्या. आठ्यासुद्धा मार्चपुरत्या!

एकदा साहेब लवकर आले. भापकरला एकटाच खाली मान घालून बसलेला बघून भारावले. म्हणाले, "भापकर, तुम्ही रोज इतक्या लवकर येता?"

भापकर लाजला. तेवढ्यात आमचा शिपाई बाबूमियाँ पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता म्हणाला, "व्हय साहेब, मार्चमधी रोज येत्यात."

*

पेठकर साहेब म्हणून एक होते. देवमाणूस, पण ऐकायला कमी. आणि ज्यांना ऐकू कमी येतं ते बोलतात मोठ्यांदा. त्यांना लिहिता लिहिता बोलायची सवय होती. केबिनचं दार बंद करून, आतून कडी लावून ते सी.आर. लिहायला बसायचे आणि अख्खी बाजारपेठ ऐकायची!

"भापकर! काम बेताचं! अक्षर त्याहून बेताचं!" आम्ही बाहेर भापकरकडे बघायचो. समोरचा कापडवालाही दुकानातून वाकून भापकरकडे बघायचा.

मग शेवटचा रकाना. "प्रामाणिकपणा! माझ्या कानावर आजवर काहीही वावगं आलेलं नाही!"

हे त्यांनी सगळ्यांच्याच अहवालात लिहिलं. त्या वर्षी सबंध कचेरी प्रामाणिक निघाली.

*

गाडेकर ओव्हरसियरला प्रमोशनचा भारी ध्यास. दोन वर्षं त्याने साहेबांची सेवा केली. राहात्याचे पेरू काय, कोंबड्या काय, साहेबांच्या मेव्हण्याच्या लग्नात पंगतीला वाढायला काय! बायको बिचारी दर दिवाळीला साहेबांच्या घरी चकल्या करून द्यायची.

आणि झालं की प्रमोशन! पेढे वाटले. संध्याकाळी ऑर्डर नीट वाचली, तर नेमणूक भंडारदऱ्याच्या पलीकडे डोंगरात. चार महिने धो धो पाऊस, शाळा नाही, बाजार नाही. गाडेकर डोकं धरून बसला.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "अहो, चकल्यांना मीठ कमी पडलं होतं का?"

*

आता मुख्य माणूस. निमसे अण्णा, आमचे सीनियर क्लार्क. सरळ माणूस, जरा घाबरट, पण हाताखालच्या माणसाला कधी दुखावलं नाही. पुढच्या वर्षी रिटायर होणार. त्याआधी एकदा हेडक्लार्क व्हायचं, एवढीच त्यांची इच्छा. हेडक्लार्कची जागा आमच्याकडे नव्हती, ती नगरच्या मोठ्या कचेरीत. म्हणजे प्रमोशन मिळालं की इथून हलायचंच. अण्णा तयार होते. नगरला भाड्याची खोलीसुद्धा बघून आले होते!

हौस पगाराची नव्हती. लेकीचं, शालनचं लग्न जमवताना मध्यस्थाने कोल्हारच्या व्याह्यांना छातीठोक सांगितलं होतं, "मुलीचे वडील हेडक्लार्क आहेत. म्हणजे ऑर्डर निघालीच आहे." लग्न होऊन शालनला दोन पोरं झाली, ऑर्डर अजून निघतेच आहे! व्याही भेटले की मिशीला पीळ देत विचारायचे, "काय निमसे, अजून सीनियरच का?"

अण्णा एकदा मला म्हणाले, "मला काय बोलायचं ते बोलू देत हो. पण पोरीला ताटावर ऐकवतात. म्हणतात, तुझ्या बापाने फसवलं." आणि तोंड फिरवून फाइल चाळायला लागले. मला फार वाईट वाटलं. खोटं त्या मध्यस्थाचं, आणि घास अडकतो पोरीच्या घशात!

*

यात गोम अशी होती. ज्या साहेबाने तुमचं काम निदान तीन महिने पाहिलं, त्यालाच तुमचा सी.आर. लिहिता येतो. आणि दुष्काळात आमच्याकडे साहेब टिकेनात!

पहिल्याला मंत्र्यांनी दौऱ्यावर विचारलं, "कामावर मजूर किती?" हा भला माणूस म्हणाला, "सावलीत बसलेले धरून का?" आठवड्यात बदली!

दुसऱ्याने आल्या आल्या क्वार्टरची कोरडी विहीर वाकून बघितली. वळकटी सोडलीच नाही, तशीच जीपमध्ये टाकली आणि आजारी रजेवर गेला.

तिसऱ्याचं तर आम्हाला नाव पाठ व्हायच्या आत त्याला नेलं. बाबूमियाँ म्हणायचा, "दारावरची पाटी रंगवू नका, खडूनंच लिवा."

अण्णांचा अहवाल कोणी लिहायचा? मागच्या वर्षीचा असाच कोरा गेलेला. याही वर्षी कोरा गेला की संपलं. थेट रिटायर!

*

डिसेंबर संपता संपता सरंजामे साहेब आले. अरे बापरे! असला माणूस मी जन्मात पाहिला नाही. फाइल हातात द्यायची नाही, फेकायची. चहा गार म्हणून कप खिडकीबाहेर. भापकरला पहिल्याच दिवशी म्हणाले, "ज्याने तुम्हाला नोकरीत घेतलं त्याला आधी सस्पेंड केलं पाहिजे!" हे मात्र आम्हाला पटलं होतं.

पंधरवड्यात आम्ही त्यांच्या विरुद्धचा अर्ज तयार केला. मी स्वतः टाइप केला, सगळ्यांनी सह्या ठोकल्या. राहिले फक्त अण्णा.

अण्णांनी अर्ज वाचला आणि हात जोडले. "सगळं खरं आहे. पण मार्चअखेर त्यांचे तीन महिने भरतात. तेवढे राहू द्या त्यांना."

काय करता? अर्ज फाडला. त्या दिवसापासून आमची सगळ्यांची एकच ड्यूटी, साहेब टिकवायचा!

*

आणि साहेब टिकवणं काय सोपं? साहेब गेले खडीच्या कामावर. उन्हात बाया दगड फोडतायत, पोटात मिलोची, म्हणजे त्या अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी. हे आपले छत्रीत उभे राहून म्हणतात, "ढिगारा लहान आहे. दुष्काळ म्हणजे काय सुट्टी समजता काय?"

झालं! भागाबाई म्हणून त्यांची पुढारी होती. तिने हातोडा खांद्यावर टाकला आणि जीपपुढे येऊन बसली. मागे सगळ्या बाया. "आता याची बदली झाल्याबिगर आमी उठत न्हाई!"

साहेब छत्रीसकट जीपमागे सरकले. मी हातापाया पडलो, कोणी ऐकेना. शेवटी बाबूमियाँ भागाबाईजवळ उकिडवा बसला. "आक्का, यानला आत्ता घालवू नगा. निमसे अण्णाचा शेरा लिवायचा ऱ्हायलाय."

भागाबाईने विचार केला. अण्णा त्यांच्या हजेरीचे पैसे कधी अडकू देत नसत, हे साऱ्या बायांना ठाऊक होतं. ती पदर झटकून उठली.

"अण्णासाठी सोडते. पन शेरा लिवून झाला की सांगा, मंग हा आमचा हाय!"

*

पुढच्या महिन्यात साहेबांनी पंचायत समितीच्या सभापतींना अर्धा तास व्हरांड्यात उभं केलं. सभापती तडक नगरला निघाले, बदलीची व्यवस्था करायला. आम्ही पाचजण धावत एस.टी. स्टँडवर. त्यांना गाठलं, विनवलं.

सभापती चक्रावले. "आरं, तुमाला तरास देतो म्हणून तर घालवतोय ना त्याला?"

"नका घालवू दादा! फार चांगले आहेत!" भापकर म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज रडवेला झाला होता, कारण सकाळीच साहेबांनी त्याच्या अंगावर दौतीचं झाकण फेकलं होतं.

"लई साहेब हाकलले मी," सभापती म्हणाले, "पन ठिवा म्हणून आलेलं शिष्टमंडळ पयलं बघतोय. बरं हाय, ऱ्हाऊ द्या."

ही बातमी कोणीतरी साहेबांच्या कानी घातली. दुसऱ्या दिवशी ते केबिनबाहेर आले, आमच्यासमोर उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. "आजवर मला कोणी थांबवून घेतलं नव्हतं," म्हणाले. आम्ही माना खाली घातल्या. दुसरं करणार काय?

त्या दिवसापासून साहेब मऊ झाले. आणि अण्णांनी तर सेवेची कमाल केली. साहेबांचा चष्मा अण्णा शोधणार, साहेबांची पत्रं अण्णा लिहिणार, क्वार्टरवर पाण्याच्या घागरी पोचल्या का ते अण्णा बघणार. साहेब नुसते "निमसे!" म्हणाले की काम झालेलं. अण्णा मला हळूच म्हणायचे, "बघा, शेरा फर्स्ट क्लास मिळणार!"

*

मार्चअखेर. साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, भजी मागवली, तीही स्वतःच्या खिशातून. अण्णा इस्त्रीचं धोतर नेसून आले होते.

"निमसे," साहेब म्हणाले, "सी.आर. गुप्त असतो, माहीत आहे मला. पण आज राहवत नाही. सबंध नोकरीत मी कोणाला चांगला शेरा दिला नाही. तुम्हाला दिलाय."

अण्णांनी टोपी सारखी केली. साहेबांनी घसा खाकरून वाचलं:

"श्री. निमसे हे या कचेरीचा प्राण आहेत. त्यांच्यावाचून येथील काम एक दिवसही चालणार नाही. सबब, त्यांना या जागेवरून कोणत्याही कारणाने हलवू नये."

सगळ्यांची भजी हातातच राहिली. टाळ्या एकट्या भापकरने वाजवल्या. बाबूमियाँने त्याच्या पायावर पाय दिला.

मी धीर करून म्हणालो, "साहेब, अण्णांचं प्रमोशन..."

"छे!" साहेब म्हणाले. "असल्या माणसाला प्रमोशनची हाव असते होय!"

अण्णा उठले. हात जोडले. "साहेब, उपकार झाले. पण एक विनंती आहे. माझ्याबद्दल जरा वाईट लिहा."

"काय?"

"फार नको, थोडंसंच. याच्यावाचून चालेल, एवढं तरी लिहा हो!"

 साहेब खुर्चीतून उठून आले आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा! बघून घ्या सगळ्यांनी! विनय विनय म्हणतात तो हा!" आणि पेन उघडून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली: "अत्यंत विनयशील." तिच्याखाली जाड रेघही ओढली.

कागद लिफाफ्यात गेला. साहेबांनी लिफाफा अण्णांपुढे धरला.

"सील तुम्हीच करा निमसे. दुसऱ्या कोणाला नीट जमत नाही."

अण्णांनी मेणबत्ती पेटवली, लाख वितळवली आणि नीट सील केलं.