ओव्याचा शेक
तव्यावर ओवा गरम व्हायला लागला, की मला हिंदी मुलखातल्या आमच्या रांझीच्या क्वार्टरमधली थंडीतली ती दुपार आठवते. बालरोग नर्सिंगची परीक्षा तोंडावर आली होती आणि श्वास मोजायचा सराव मी धाकट्या बहिणीच्या तान्ह्या मुलावर करायची. त्याला सर्दी झालेली. आईने ओव्याच्या पुरचुंडीने त्याची छाती शेकली, दोन स्वेटर चढवले आणि त्याला निजवलं. घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून मी मिनिटभर श्वास मोजायला बसले, तर आकडा पुस्तकातल्या मर्यादेच्या पार पुढे गेला. माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं, तेवढाच आला. मी स्वेटर वर सरकवले तशी आई कडाडली, "काहून उघडा करून राहिली त्याला? आत्ताच तर शेकलं!" बहीण म्हणाली, "दीदी, तुझी परीक्षा नंतर दे ना, किती शांत झोपलाय." मला ती झोप थकव्याची वाटली. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. तिथे बोट दाखवून मी आईला एवढंच म्हटलं, "बघ." तिच्या हातातली पुरचुंडी गळून पडली आणि ती अनवाणीच शेजारच्या दारात जाऊन ओरडली, "भैया, गाडी निकालो!" न्यूमोनिया होता, वेळेत कळला. आता तो सहावीत आहे. तरी घरात ओव्याचा वास आला, की मी त्याचा शर्ट वर करते. तो वैतागतो, "मौसी, छोड़ो ना, ठीक हूँ मैं!" पण मिनिट पुरं झाल्याशिवाय मी त्याला सोडत नाही.