वर्सोव्याला निघालेली नवरी

नारळी पौर्णिमेचा आदला दिवस, १९५५, अंधेरी. हजर: होडीचा मालक तांडेल, वाटेतली गर्दी हटवायला मी, आणि ट्रेलरवाला व त्याचा भाऊ.

ट्रेलरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या घरामागच्या मैदानात बांधलेल्या मोठ्या होड्या तोच समुद्रावर पोचवायचा. गाडी भावाकडे देऊन स्वतः पुढे चालायचा आणि समोरच्या टांगेवाल्यांना ओरडायचा, "बाजूला हो रे, नवरी येतेय!"

सकाळची भरती गाठली तरच होडी सणाआधी दिवसाउजेडी पाण्यात पडणार होती. पण चाळीपाशी बायका तबकं घेऊन आडव्या आल्या. "नवरीची ओटी भरल्याशिवाय सोडणार नाही!"

"अरे, पानी उतरंल!" तांडेल कळवळला.

"अहो, सांगा ना त्यांना," मी ट्रेलरवाल्याला म्हटलं.

"मीच नवरी म्हणत आलो, साहेब. आता कुठल्या तोंडाने नको म्हणू?"

पुढे आणखी दोन ठिकाणी तेच झालं. हा प्रत्येक वेळी हात जोडून उभा. वर्सोव्याला पोचलो तर ओहोटी लागलेली. तांडेल डोकं धरून वाळूत बसला.

होडी उतरवून ट्रेलरवाल्याला जाता आलं असतं. पण त्याने भावाला घरी पाठवलं आणि होडीच्या सावलीत फडकं अंथरलं. "रात्रीच्या भरतीला घालू पाण्यात. मी हलत नाही इथून."

"मग ओटीतला एक नारळ फोड," तांडेल म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

मी दुपारी घरी जायला निघालो तेव्हा दोघं खोबरं खात होते. होडी पाण्यात घालायची बाकी होती.