मागचा शॉकप

औंढ्याच्या पोस्टमास्तर सुधा पुसेगावकर यांना वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी रोज अर्धा तास सायकल चालवायला सांगितली. सपाट रस्त्यावर, सावकाश, असं चिठ्ठीवर लिहूनही दिलं. सुधाबाईंनी चिठ्ठीची नीट घडी घालून ती पर्समध्ये ठेवली आणि बारा दिवस हिंगोली रस्त्यावर त्याप्रमाणे सायकल चालवली. सायकल मुलाची, मुकुलची. तो नोकरीला पुण्याला गेल्यापासून ती जिन्याखाली उभी होती. तेराव्या दिवशी उसाच्या ट्रॅक्टरनं त्यांना दुसऱ्यांदा रस्त्याखाली उतरवलं, तेव्हा त्यांनी सायकल वळवली आणि गावामागच्या डोंगराची पायवाट धरली. चढताना चार ठिकाणी उतरून ढकलावी लागली. माथ्यावर पोचल्यावर त्या पाणी प्यायल्या, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि खाली निघाल्या.

खाली येताना काय झालं ते त्यांना नवऱ्याला नीट सांगता आलं नाही. घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून मी डोंगरावरच जात जाईन."

नवरा, व्यंकटराव, देवळात अभिषेक सांगत. ते सोवळं वाळत घालत होते. "काहून?" त्यांनी विचारलं.

"तिकडं ट्रॅक्टर नसतात."

हे खरंच होतं, त्यामुळं विषय तिथंच संपला.

ऑफिसात सुधाबाई म्हणजे शिस्त. पोचपावतीवर चौकटीबाहेर सही आली तर त्या नवी पावती फाडत आणि माणसाला पुन्हा रांगेत उभं करत. आवाज कधी चढला नाही. पण डोंगर उतरताना ब्रेक दाबायला काहीतरी कारण लागतं असं त्यांचं मत होतं, आणि त्यांना फारशी कारणं सापडत नसत. मुरमाच्या घसरणीवर त्या पायडलवर उभ्या राहून, कोपर बाहेर काढून, तोंडानं अवाक्षर न काढता खाली येत. हे रोज बघणारा माणूस एकच, प्रेमसिंग राठोड. माथ्यावरच्या तांड्याचं पोस्ट त्याच्याकडं होतं आणि तो टपालाची पिशवी घेऊन त्याच वाटेनं पायी खाली यायचा. सुधाबाई त्याच्या साहेब. म्हणून पहिले दोन महिने तो नुसता बाजूला सरकून नमस्कार करायचा.

मग एक दिवस म्हणाला, "मॅडम, ही वाट बैलाची हाय. आमच्या आज्याचे बैल पाठीवर मीठ घेऊन इथून उतरायचे. सायकलसाठी न्हाई केली."

"बैल कुठं अडखळायचे?"

प्रेमसिंगनं विचार केला. "पायऱ्याशी. पाच दगड हायेत न्हाई का, तिथं. बैलाला डाव्या अंगानं घ्यायचे."

दुसऱ्या दिवसापासून सुधाबाईंनी पायऱ्या डाव्या अंगानं घ्यायला सुरुवात केली. बैलांचं बरोबर होतं.

असं अडीच वर्षं चाललं. मग एका श्रावणात मुकुलच्या सायकलच्या सीटखालच्या नळीला चीर गेली. ट्रॉल्या जोडणाऱ्या वेल्डरनं ती जोडून दिली आणि म्हणाला, आता हत्ती बसला तरी काही होणार न्हाई. हत्ती बसला नाही. चौथ्या दिवशी, पायऱ्यांवर, नळी पुन्हा तुटली. सायकलचे दोन तुकडे दोन खांद्यांवर घेऊन सुधाबाई घरी आल्या आणि वेळेवर ऑफिसला गेल्या.

नवी सायकल घ्यायची हे ठरलेलंच होतं. कोणती, इथून तंटा सुरू झाला.

डोंगरात दामटायच्या सायकली दोन जातीच्या. एकीला फक्त पुढच्या चिमट्यात दणका खाणारा शॉकप असतो आणि मागचा सांगाडा कडक. तिला हार्डटेल म्हणतात. दुसरीला मागच्या चाकालाही शॉकप असतो, सांगाडा मधून सांध्यांवर हलतो. ती फुल सस्पेन्शन. हिंगोलीत रणजीतच्या दुकानात दुसऱ्या जातीची म्हणून जी होती ती लाल रंगाची, जाड स्प्रिंगची, शाळेतल्या पोरांसाठीची होती. सुधाबाई तिच्यावर बसल्या. सायकल खाली गेली, करकरली, वर आली.

"आरामशीर आहे मॅडम," रणजीत म्हणाला. "डबल शॉकप. आजकाल सगळे हेच मागून राहिले."

"पायडल मारलं की अर्धा जोर स्प्रिंगच खाते."

"मग जास्त मारायचं," रणजीत म्हणाला.

मुकुलनं फोनवर तासभर समजावलं. चांगली फुल सस्पेन्शन ही वेगळीच चीज, पण तिचा सांभाळ फार. तिच्यापेक्षा दणकट हार्डटेल घे, रुंद टायरची, पुढच्या चिमट्याला जरा पुढं कल असलेली, उतारावर सीट बटणानं खाली जाणारी. व्यंकटरावांचा या विषयाचा अभ्यास नव्हता. पण आदळआपट सोसायला एकापेक्षा दोन शॉकप बरे हे त्यांना उघड दिसत होतं, आणि ते त्यांनी तीनदा बोलून दाखवलं. याच श्रावणात नांदेडचे हाडांचे डॉक्टर नचिकेत कानडे अभिषेकाला आले. संकल्प सोडता सोडता व्यंकटरावांना कळलं की यजमान स्वतः डोंगरात सायकल चालवतात, आणि तीही फुल सस्पेन्शन. पूजा आटोपल्यावर त्यांनी प्रसादाबरोबर हा प्रश्नही डॉक्टरांच्या हातावर ठेवला.

"वहिनींचं वय?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकोणपन्नास लागेल."

"मग विचार काय करायचा? फुल सस्पेन्शन. कंबर वाचते, चूक पोटात घालते." आणि दिवाळीत स्वतःची सायकल एक दिवस चालवायला आणून देतो असं त्यांनी कबूल केलं.

दिवाळीपर्यंत सुधाबाई पायी डोंगर चढल्या आणि पायी उतरल्या. त्या अडीच महिन्यांत पोस्टात बऱ्याच जणांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी सगळे जमले. मुकुलनं पुण्याहून मित्राची हार्डटेल आणली होती, डॉक्टरांनी आपली. प्रेमसिंग घड्याळ घेऊन खाली कालव्याच्या पुलावर बसला. त्याच्याशेजारी व्यंकटराव, चहाचा थर्मास मांडीत धरून.

आधी हार्डटेल. पहिली खेप सात मिनिटं दहा सेकंद, दुसरी सहा पन्नास. मुरूम, पायऱ्या, नाला, सगळं तळपायातून आणि कंबरेतून कळत होतं. मागचं चाक प्रत्येक दगडावर लाथ मारत होतं, त्यामुळं कोणता दगड कुठं आहे हे विसरायची सोयच नव्हती.

मग डॉक्टरांची सायकल. सुधाबाई निघाल्या, मुरूम ओलांडला आणि पायऱ्यांची वाट बघत राहिल्या. पायऱ्या आल्याच नाहीत. पुढं नाला लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पाचही दगड मागं गेले. पुलावर पोचल्या तेव्हा प्रेमसिंगनं घड्याळ दोनदा बघितलं. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद.

"दगड काढले का कुणी?" सुधाबाईंनी विचारलं.

"न्हाई मॅडम. सकाळी होते."

दुसऱ्या खेपेला त्या आणखी सुटल्या. नाल्यानंतरच्या वळणावर आजवर त्या कधी एवढ्या वेगानं पोचल्याच नव्हत्या, त्यामुळं ते वळण त्यांच्या हिशेबात होतं तिथं नव्हतं. सायकल आणि सुधाबाई दोघी सरळ घाणेरीच्या झुडपात गेल्या. जवळच प्रेमसिंगची बायको जमनाबाई बकऱ्या चारत होती. तिनं आधी बकऱ्या मोजल्या, मग झुडपाजवळ येऊन म्हणाली, "बाई, जित्या हाव का?"

"व्हय," आतून आवाज आला. "चष्मा दिसतो का बघा."

पुलावर त्या सायकल ढकलत आल्या. दोन्ही हातांवर ओरखडे, कपाळावर टेंगूळ, केसांत घाणेरीची फुलं. डॉक्टरांनी खांदा, मनगट, मान तपासली आणि सगळं जागेवर असल्याचं सांगितलं. व्यंकटरावांनी थर्मासचं झाकण काढलं, परत लावलं. सुधाबाई वर गेल्या आणि तिसरी खेप मारून आल्या. पाच चाळीस.

सोमवारी कंबर दुखली नाही. डॉक्टरांचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. वेग जास्त, त्रास कमी, चूक पोटात घालते. सुधाबाईंनी हे सगळं मान्य केलं आणि तरी त्यांचं मन त्या सायकलवर बसेना. प्रेमसिंग टपाल घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, "तुमचं काय मत?"

"खाली लई गुमान आणते," प्रेमसिंग म्हणाला. "पर एवढं वजन वर कोण नेणार? रोज नेता तुमी. आन पावसाळ्यात आपली काळी माती त्या सांध्यात जाऊन बसली, की मग?"

मग शॉकप उघडून पुण्याला पाठवायचा, हे उत्तर डॉक्टरांनी आधीच दिलं होतं. इथं जवळपास कुणी तो उघडत नाही. आणि औंढ्याहून निघालेलं पार्सल पुण्याला जाऊन परत यायला किती दिवस लागतात, हे सुधाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, त्या सायकलवर मला वाट कळत नाही. ती छान नेते, पण मी नुसती बसलेली असते."

व्यंकटरावांनी भात कालवला. "म्हणजे कोणती घ्यायची?"

"हार्डटेल."

"जी जास्त आदळते ती."

"हो."

यावर व्यंकटराव दोन दिवस बोलले नाहीत. भांडण नव्हतं. ते वेळेवर देवळात जात, वेळेवर जेवत आणि वाढताना 'पुरे' ऐवजी हात आडवा धरत. तिसऱ्या दिवशी ते नांदेडला जाऊन आले. कशाला, ते सांगितलं नाही.

आठवड्यानं पोस्टात एक मोठं खोकं आलं. थैलीतून निघालं तेव्हा सुधाबाईंनी पत्ता वाचला. श्री. व्यंकटराव पुसेगावकर. पाठवणारा दिल्लीचा कुणी. पोस्टमननं विचारलं, "मॅडम, तुमीच घेऊन जाता का? घरचंच हाय."

"माझ्या नावाचं नाही," सुधाबाई म्हणाल्या. "पत्त्यावर द्या. सही घ्या."

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा खोकं बैठकीत फोडलेलं होतं. व्यंकटराव पाटावर बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. हनुवटीसुद्धा झाकणारं, काळं. त्यांच्या डोक्याला ते घट्ट होत होतं, कारण माप सुधाबाईंचं होतं. खोक्यात गुडघ्यांची आणि कोपरांची कवचंही होती.

"डॉक्टरांना विचारून मागवलं," ते आतून म्हणाले. आवाज खोल गेल्यासारखा येत होता. "सायकल तुला हवी ती घे. हे घालशील का?"

"घालीन."

"रोज?"

"रोज."

मग हेल्मेट काढायला दोघांना मिळून बराच वेळ लागला. कान लाल झाले. त्या रात्री व्यंकटरावांनी 'पुरे' म्हटलं.

हार्डटेल डिसेंबरात आली. पहिल्या दिवशी सुधाबाईंना हेल्मेटमध्ये बघून जमनाबाईच्या बकऱ्या डोंगरभर पांगल्या. दुसऱ्या दिवशी तिघीच पांगल्या. आठवड्यानं कुणी मान वर केली नाही.

जानेवारीत डॉक्टरांच्या सायकल क्लबानं त्याच वाटेवर उताराची शर्यत ठेवली. चौतीस जण आले, बहुतेक नांदेड-परभणीचे, निम्म्यांच्या सायकलींना मागं शॉकप. चाळिशीवरच्या महिलांचा वेगळा गट होता. त्यात एकच नाव होतं. आयोजकांनी आनंदानं सुधाबाईंना आधीच पहिलं बक्षीस देऊ केलं. त्यांनी नियमांचा कागद मागितला, वाचला आणि गटात किमान तीन स्पर्धक हवेत हे कलम बोट ठेवून दाखवलं. गट रद्द झाला. सुधाबाई खुल्या गटात उतरल्या.

त्यांची पाळी सत्ताविसावी. तोवर वाट पुरती उखडली होती. मुरमाचा भुगा झाला होता आणि पायऱ्यांवर डाव्या अंगाला एकजण सायकलची साखळी शोधत बसला होता. सुधाबाईंनी तो लांबूनच बघितला, उजवी बाजू धरली, मागचं चाक दोनदा हवेत गेलं, दोनदा परत आलं. वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. कारण होतं. सहा मिनिटं बारा सेकंदांत पुलावर आल्या. हार्डटेलवर एवढ्या लवकर त्या कधीच आल्या नव्हत्या. अकरावा नंबर. डॉक्टर चौथे आले, पाच एकतीसमध्ये.

"वहिनी, माझी सायकल असती तर तुम्ही पहिल्या पाचात होता," डॉक्टर म्हणाले. ते मनापासून म्हणत होते.

"होते," सुधाबाई म्हणाल्या. त्यांनी येतानाच तो आकडा काढला होता, आणि मधल्या दगडावर दात आपटले तेव्हा डॉक्टरांची सायकल आठवलीही होती. ते त्यांनी लपवलं नाही.

"मग पुढच्या वर्षी?"

सुधाबाईंनी हेल्मेट काढलं, चष्मा पुसला. पुलावर व्यंकटराव एका अनोळखी माणसाला सांगत होते की अकरावा नंबर म्हणजे चौतिसात अकरावा, आणि मागं शॉकप नसताना. तो माणूस दुसरीकडं बघत होता. व्यंकटरावांनी त्याला थांबवून परत पहिल्यापासून सांगितलं.

"पुढच्या वर्षी नाल्यानंतर ब्रेक उशिरा दाबीन," सुधाबाई म्हणाल्या, आणि चहा मागितला.